लायसियमचं दप्तर

संस्थेचा इतिहास लिहायला बसणारा माणूस आधी इतिवृत्ताच्या वह्या शोधतो. घटना कधी मंजूर झाली, विश्वस्त कोण होते, कुठला ठराव कुणी मांडला आणि कुणी हाणून पाडला. लंडनच्या लायसियम थिएटरबाबत असा शोध घेणाऱ्याच्या हाती फारसं काही लागत नाही. हेन्री आयर्विंग या नटाने १८७८ पासून जवळजवळ पाव शतक ही संस्था चालवली. या काळात ते इंग्लंडचं पहिल्या प्रतीचं नाट्यगृह होतं. पंतप्रधान आणि राजकवी तिथे घरच्यासारखे येत-जात. पण संस्था म्हणायची तर ती एका माणसाची. आपल्याकडच्या जुन्या नाटक मंडळीत मालकाचा शब्द हाच ठराव असे, तसाच तिथला कारभार. मागे उरली ती पत्रं: आमंत्रणं, आभार, पासांच्या मागण्या, कानउघाडण्या, रुसवे. लायसियमची वाटचाल मित्रांच्या या खासगी टपालातूनच वाचावी लागते. आणि ती वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते: ज्या मैत्रीने ही संस्था उभी राहिली, तिनेच तिला मालकाखेरीज दुसरा आधार उभा करू दिला नाही.

आयर्विंगचं खरं नाव जॉन हेन्री ब्रॉड्रिब. जन्म ६ फेब्रुवारी १८३८, सॉमरसेटमधल्या खेड्यातला. बालपण कॉर्नवॉलमध्ये मावशीकडे गेलं. आई कट्टर मेथडिस्ट, नाटकाला पाप मानणारी. पोरगा लंडनला आला आणि कारकून झाला, आधी वकिलांकडे, मग हिंदुस्थानाशी व्यापार करणाऱ्या न्यूगेट स्ट्रीटवरच्या एका पेढीत. त्या पेढीची खातेवही त्याने फार दिवस सांभाळली नाही. काकांकडून शंभर पौंड मिळाले, त्यातून विग, तलवारी असलं सामान घेतलं आणि सप्टेंबर १८५६ मध्ये संडरलंडला पहिल्यांदा रंगभूमीवर उभा राहिला. पुढची दहा वर्षं गावोगावची: एडिंबरा, मँचेस्टर, लिव्हरपूल. त्या काळात त्याने शेकडो भूमिका केल्या, कित्येक तर एका रात्रीत पाठ करून. या फिरतीत जे मित्र मिळाले ते आयुष्यभर पुरले. विनोदी नट जॉन टूल हा त्यातला सगळ्यात जवळचा. टूल पुढे लंडनमध्ये स्वतःच्या नावाच्या थिएटरचा मालक झाला, तरी दोघांची दोस्ती गावोगाव हिंडणाऱ्या पोरांचीच राहिली. एकमेकांच्या साथीने लोकांची थट्टा करायची त्यांची खोड म्हातारपणीही गेली नाही.

लायसियमशी त्याची गाठ पडली १८७१ मध्ये. अमेरिकन व्यवस्थापक हिझेकाया बेटमन याने हे थिएटर भाड्याने घेतलं होतं ते स्वतःच्या मुलींना नायिका म्हणून पुढे आणायला. मुली चालल्या नाहीत. थिएटर बुडायच्या बेतात असताना आयर्विंगने हट्ट धरला की ‘द बेल्स’ लावा. खून पचवलेल्या आणि घुंगरांच्या आवाजाने पछाडलेल्या माणसाचं ते नाटक २५ नोव्हेंबर १८७१ ला लागलं आणि दीडशे रात्री चाललं. पहिल्या प्रयोगानंतर घरी जाताना बग्गीत बायको फ्लोरेन्सने त्याला विचारलं, आयुष्यभर असाच स्वतःचं हसं करून घेणार आहेस का? हाइड पार्कच्या कोपऱ्यावर त्याने बग्गी थांबवली, उतरला आणि पुन्हा कधी त्या घरी गेला नाही. तेव्हा ती दुसऱ्यांदा गरोदर होती. घटस्फोट झाला नाही. फ्लोरेन्स नंतरही लायसियमच्या पहिल्या प्रयोगांना बॉक्समध्ये येऊन बसत राहिली. चोवीस वर्षांनी नवऱ्याला सर ही पदवी मिळाली तेव्हा लेडी आयर्विंग हे नावही तिने लावलं. त्याच्या तोंडावर मनातलं बोललेलं हे माणूस त्याच्या गोतावळ्यातून पहिलं बाद झालं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१८७४ मध्ये त्याचा ‘हॅम्लेट’ दोनशे रात्री चालला. पुढच्याच वर्षी बेटमन वारला. त्याच्या विधवेने तीन वर्षं थिएटर ओढलं आणि १८७८ मध्ये आयर्विंगने ते स्वतःकडे घेतलं. इथे खरी संस्था सुरू होते, आणि तिच्या पहिल्या दोन नेमणुका मैत्रीतून झालेल्या आहेत.

एक एलेन टेरी. तिच्या नावावर तेव्हा नाटकाइतक्याच लोकांच्या कुजबुजीही होत्या: चित्रकार वॉट्सशी सोळाव्या वर्षी झालेलं आणि वर्षभरात मोडलेलं लग्न, वास्तुविशारद गॉडविनपासून झालेली दोन मुलं. आयर्विंग तिच्या घरी भेटायला गेला, सोबत कुत्रा घेऊन. त्या कुत्र्याने गालिचा खराब केला, असं तिने आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. भेट संपली तरी आपल्याला नेमकं कामावर घेतलं की नाही, हे तिला कळलं नव्हतं. ३० डिसेंबर १८७८ ला ‘हॅम्लेट’ने नवं लायसियम उघडलं तेव्हा ती ऑफेलिया होती.

दुसरा ब्रॅम स्टोकर. डब्लिनच्या सरकारी कचेरीतला हा कारकून हौसेखातर, फुकट, एका वर्तमानपत्रात नाट्यपरीक्षणं लिहायचा. १८७६ च्या शेवटी आयर्विंग डब्लिनला आला, परीक्षण वाचून त्याने याला जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर थॉमस हूडची खुनी शाळामास्तरवरची कविता म्हणून दाखवली. धिप्पाड, खेळाडू स्टोकर ती ऐकून उन्मादात हुंदके देऊ लागला. आयर्विंग आत गेला आणि आपल्या फोटोवर आशीर्वादाचे दोन शब्द लिहून घेऊन आला. तारीख ३ डिसेंबर १८७६. स्टोकरने तो कागद जन्मभर जपला. दोन वर्षांनी आयर्विंगने बोलावलं, तेव्हा त्याने पेन्शनीची नोकरी सोडली, ठरलेलं लग्न घाईघाईने उरकलं आणि नव्या नवरीला घेऊन थेट कामावर रुजू झाला. त्याचं पहिलं छापील पुस्तक आयर्लंडच्या कनिष्ठ न्यायालयांतल्या कारकुनांच्या कर्तव्यांवरचं आहे. हा माणूस व्यवस्थापक म्हणून मिळणं हे आयर्विंगचं भाग्यच म्हणायचं. नटाच्या घरात इतकं चोख दप्तर क्वचितच कुणी ठेवलं असेल.

दप्तर शब्दशः. आयर्विंगचं स्वतःचं अक्षर म्हणजे किरटं, घाईचं, सराव असल्याशिवाय न लागणारं. त्यामुळे जावक बहुतेक स्टोकरच्या हातची. दिवसाला पन्नास-पन्नास पत्रं तो लिहायचा असं सांगतात. नवशिक्या नाटककाराचं बाड परत पाठवायचं, बिशपला बॉक्स द्यायचा, धर्मादाय प्रयोगाला नकार द्यायचा पण माणूस दुखवायचा नाही, आजारी नटाला पाच पौंड पाठवायचे. शेवटच्या कामात आयर्विंगचा हात फार सढळ होता आणि स्टोकरच्या हिशेबाला ते जड जाई. एल. एफ. ऑस्टिन नावाचा आणखी एक लेखनिक मालकासाठी भाषणं लिहून देई. त्याचं आणि स्टोकरचं पटत नसे. मालकाच्या जवळ कोण, यावरून चाललेली ती चढाओढ.

जाता जाता एक गोष्ट. दिवसभर दुसऱ्याच्या नावाने पत्रं लिहिणाऱ्या या माणसाने रात्रीच्या वेळात आणि सुट्ट्यांत एक कादंबरी लिहिली. ती अथपासून इतिपर्यंत पत्रं, रोजनिश्या, तारा आणि कात्रणांची बनलेली आहे. १८ मे १८९७ च्या सकाळी लायसियमच्याच रंगमंचावर तिचं नाट्यवाचन झालं, नाट्यहक्क शाबूत राहावेत एवढ्यासाठी. ती कादंबरी म्हणजे ‘ड्रॅक्युला’. ऐकून आयर्विंगने एका शब्दात वाट लावली अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, मालकाने ती भूमिका कधी केली नाही हे खरं. माझ्या मते नाट्यगृहांच्या इतिहासातली सगळ्यात महागडी दुर्लक्षं मोजायची झाली तर हे पहिल्या पाचांत येईल.

रंगमंचामागे एक जुनी खोली होती, बीफस्टेक रूम. अठराव्या शतकापासून चालत आलेल्या बीफस्टेक मंडळींचा तिथे अड्डा होता. १८६७ मध्ये तो मोडला आणि खोलीत अडगळ साठली. आयर्विंगने ती साफ करवली, स्वयंपाकघर चालू केलं आणि प्रयोग संपल्यावर तिथे पंगती बसू लागल्या. लायसियमच्या कार्यकारिणीच्या सभा म्हणायच्या तर याच. १८८६ च्या एप्रिलमध्ये ‘फाउस्ट’ पाहून म्हातारा संगीतकार लिस्ट तिथे जेवला. सारा बर्नहार्ट आली, प्रवासी रिचर्ड बर्टन आला. बर्टन बोलताना ओठ वर उचलला की सुळा दिसे, हे स्टोकरने टिपून ठेवलं आहे. (पुढे त्या सुळ्याचं काय झालं, ते जगाला ठाऊक आहे.) पंतप्रधान ग्लॅडस्टनला ऐकू कमी येई, म्हणून तो प्रेक्षागृहात न बसता विंगेत त्याच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसायचा. लेडी मॅक्बेथच्या वेशातल्या एलेन टेरीचं चित्रकार सार्जंटने काढलेलं भलंमोठं चित्र याच खोलीत लावलेलं होतं. भुंग्यांचे खरे चमकते पंख शिवलेला तो हिरवा झगा आज केंटमधल्या स्मॉलहाइथला तिच्या घरी पाहायला मिळतो.

या पंगतींतून कामं निघायची. बर्न-जोन्सने ‘किंग आर्थर’चं नेपथ्य आखलं, आर्थर सलिव्हनने त्याचं संगीत केलं. टेनिसनचं ‘बेकेट’ वर्षानुवर्षं पडून होतं. आयर्विंगने ते कापूनछाटून घेतलं, कवीने मान्यता दिली आणि ऑक्टोबर १८९२ मध्ये प्राण सोडला. नाटक लागलं ६ फेब्रुवारी १८९३ ला, आयर्विंगच्या पंचावन्नाव्या वाढदिवशी. मित्र एकमेकांना नाही म्हणत नसत. चित्रकार, कवी, संगीतकार, सगळे मोठे. पण नाटक मात्र जुनं, मेलोड्रामा किंवा शेक्सपिअरची सजवलेली, कापलेली संहिता. इब्सेन लंडनला पोहोचला होता. लायसियमच्या दारातून तो आत आला नाही.

हे सांगणारा एकच माणूस होता आणि तो पंगतीतला नव्हता. १८९२ च्या जूनमध्ये एलेन टेरीने एका होतकरू गायिकेबद्दल मत विचारायला ‘द वर्ल्ड’ या साप्ताहिकाच्या संपादकाला चिठ्ठी लिहिली. संपादकाने ती आपल्या संगीत-समीक्षकाकडे सरकवली. समीक्षक जॉर्ज बर्नार्ड शॉ. त्याने लांबलचक उत्तर लिहिलं आणि एका पत्रव्यवहाराला तोंड फुटलं. पुढे १८९५ मध्ये शॉ ‘सॅटर्डे रिव्ह्यू’चा नाट्यसमीक्षक झाला. दर आठवड्याला तो छापील स्तंभातून आयर्विंगला झोडपायचा आणि त्याच आठवड्यात आयर्विंगच्या नायिकेला पत्रातून प्रेमाने भंडावायचा. १८९६ च्या ‘सिंबेलिन’साठी तर इमोजनची भूमिका त्याने तिला टपालानेच शिकवली: या प्रवेशात शुद्धीवर येताना काय कळतं, काय कळत नाही, कुठली ओळ कापू देऊ नकोस. तिने त्यातलं पुष्कळ उचललं. म्हणजे लायसियमच्या रंगमंचावर, मालकाच्या शेजारी, मालकाच्या टीकाकाराने बसवलेली भूमिका उभी राहत होती. शॉ आणि टेरी यांनी या सगळ्या काळात समोरासमोर भेटणं ठरवून टाळलं. भेट झाली ती थेट १९०० मध्ये, शॉच्याच एका नाटकाच्या प्रयोगाला. हे शहाणपणाचंच होतं. ती पत्रं वाचताना दिसतं की दोघंही जितकं लिहितात तितकंच सुरक्षित अंतर ठेवतात.

शॉचं ‘मॅन ऑफ डेस्टिनी’ हे छोटं नाटक आयर्विंगकडे पडून होतं. डिसेंबर १८९६ मध्ये ‘रिचर्ड तिसरा’च्या पहिल्या रात्रीनंतर आयर्विंग जिन्यावर पडला आणि गुडघा दुखावून घेतला. शॉच्या परीक्षणातल्या काही वाक्यांतून तो त्या रात्री प्यायलेला होता असा अर्थ निघत होता. नाटक परत आलं. टेरी दोघांच्या मधे सापडली. मला इथे शॉचीही गंमत वाटते. माणसाला आठवड्यागणिक सोलायचं आणि त्याने आपलं नाटक मात्र लावावं ही अपेक्षा.

१८९५ हे संस्थेचं शिखर. व्हिक्टोरिया राणीने आयर्विंगला सर केलं. हा मान मिळालेला तो पहिला नट. देशभरच्या नटांनी सह्यांचं पुस्तक करून दिलं. त्यानंतर उतार सुरू झाला आणि तो फार वेगाने झाला.

१८ फेब्रुवारी १८९८ च्या पहाटे सदर्कमधल्या रेल्वेच्या कमानींखालचं लायसियमचं गोदाम पेटलं. तिथे चव्वेचाळीस नाटकांचं नेपथ्य ठेवलेलं होतं. सगळं राख झालं. विमा होता सहा हजार पौंडांचा. काही काळापूर्वी आयर्विंगनेच खर्च कमी करायला दहा हजारांवरून तो खाली आणवला होता. नेपथ्य पुन्हा करायचं तर त्याच्या पाचपट रक्कम लागली असती. पण खरा फटका पैशाचा नव्हता. नवं नाटक पडलं की जुनं गाजलेलं नाटक लावून गल्ला भरायचा, ही लायसियमची वर्षानुवर्षांची युक्ती होती. ती युक्तीच जळून गेली. त्याच वर्षी शरदात ग्लासगोला आयर्विंगला न्यूमोनिया झाला. तो अंथरुणावर असताना एका मंडळाने प्रस्ताव आणला: थिएटर आम्ही चालवतो, कर्ज फेडतो, तुम्ही नट म्हणून काम करा. त्याने तो स्वीकारला. वीस वर्षं जावकेतला प्रत्येक कागद ज्याच्या हातून गेला त्या स्टोकरला करार झाल्यावर कळलं. मनातून तो या कराराच्या विरोधात होता; पुढे आठवणी लिहिताना त्याने ते लपवलेलं नाही, पण तेव्हा काही उपयोग नव्हता.

१९०२ चा उन्हाळा विचित्र गेला. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी साम्राज्यभरचे पाहुणे लंडनला आले होते. हिंदी संस्थानिकही होते. आपले शाहू महाराजही त्या दिवसांत तिथेच होते. राजाच्या आजारपणामुळे समारंभ पुढे ढकलला गेला आणि पाहुणे ताटकळले. वसाहतींतल्या आणि हिंदुस्थानातल्या पाहुण्यांसाठी आयर्विंगने ३ जुलैच्या रात्री लायसियममध्ये मोठी मेजवानी दिली. खेळ संपला, प्रेक्षक बाहेर गेले आणि थोड्या वेळात खुर्च्या हलवून अख्ख्या प्रेक्षागृहाचा दरबार करून टाकला. हिरे, फेटे, गणवेश. यजमान खऱ्या अर्थाने आता त्या थिएटरचा मालक नव्हता. मंडळाकडे पैसा उरला नव्हता आणि लंडन काउंटी कौन्सिलने आगीपासून सुरक्षिततेसाठी सांगितलेले बदल परवडणारे नव्हते. १९ जुलैला ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’चा प्रयोग झाला आणि आयर्विंगचं लायसियम बंद झालं. दोन वर्षांत इमारत पाडली. दर्शनी खांब आणि मागची भिंत तेवढी ठेवली.

आयर्विंग दौरे करत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. १३ ऑक्टोबर १९०५ ला ब्रॅडफर्डमध्ये ‘बेकेट’चा प्रयोग करून हॉटेलवर परतला आणि तिथल्या दिवाणखान्यातच कोसळला. आठवड्याभराने वेस्टमिन्स्टर ॲबेत, जुना नट गॅरिक याच्या शेजारी, अस्थी पुरल्या. अंत्यविधीचा पास शॉलाही पाठवला होता. त्याने तो परत केला. चिठ्ठीत लिहिलं की या माणसाच्या जगण्यात साहित्याला जागा नव्हती, तशी ती त्याच्या मरणातही नको. क्रूर आहे. पूर्ण खोटं आहे असं मात्र म्हणता येत नाही. मृत्युपत्रात जे होतं ते तीन वाटे: दोन मुलगे आणि शेवटच्या वर्षांतली मैत्रीण मिसेस एरिया. बायकोला काही नाही. लायसियमच्या नावाने काही ठेवावं असं लायसियमच उरलं नव्हतं. डिसेंबरमध्ये क्रिस्टीजने सामानाचा लिलाव केला. स्टोकरने १९०६ मध्ये आयर्विंगच्या आठवणींचे दोन खंड काढले, त्यात पाहुण्यांची यादी पानंच्या पानं आहे. भक्ताने लिहिलेलं पुस्तक आहे, पण हिशेबनीसानेही लिहिलेलं आहे; आकडे पाहायला तेच उघडावं लागतं.

कागद मग पांगले. स्टोकरकडच्या पत्रांचा एक मोठा संग्रह लीड्सच्या विद्यापीठात गेला, काही स्ट्रॅटफर्डला, काही अटलांटिक ओलांडून वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात. १९२८ मध्ये एलेन टेरी गेली; तिची मुलगी एडिथ क्रेगने स्मॉलहाइथच्या घराचं स्मारक केलं. १९३१ मध्ये शॉ आणि टेरी यांची पत्रं पुस्तकरूपाने बाहेर आली आणि मुलगा, नाट्यदिग्दर्शक गॉर्डन क्रेग, भडकला. आयर्विंगला तो गुरू मानत असे. आईची खासगी पत्रं बाजारात आणली आणि त्यातून आयर्विंग लहान दिसावा अशी मांडणी केली, असा त्याचा आक्षेप. त्याने उत्तरादाखल त्याच वर्षी आईवर पुस्तक लिहिलं आणि सोबत शॉला फटके देणारी स्वतंत्र पुस्तिका जोडली. बहीण एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. मला वाटतं यात क्रेगचा राग खरा होता आणि मुद्दा चुकीचा. लायसियमला जी बाहेरची, परखड नजर मिळायला हवी होती ती फक्त त्या पत्रांतच टिकून राहिली आहे.

आयर्विंगच्या कागदांना घर मिळायला मात्र नातवाची वाट पाहावी लागली. लॉरेन्स आयर्विंगने १९५१ मध्ये आजोबांचं जाडजूड चरित्र लिहिलं, आणि नाट्यसंग्रहालयासाठी १९५७ मध्ये जी संघटना उभी राहिली तिच्या कामात तो पुढे होता. त्याआधी १९२४ मध्ये गॅब्रिएल एंथोव्हन या हौशी बाईंनी आपला हजारो नाट्य-जाहिरातींचा संग्रह व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिला होता, आणि मदतनीसांचे पगार पदरचे देऊन तो स्वतःच लावत बसल्या होत्या. दोन्ही प्रवाह १९७४ मध्ये एकत्र झाले. १९८७ मध्ये कव्हेंट गार्डनच्या जुन्या फूलबाजारात थिएटर म्युझियम थाटात उघडलं, लायसियमपासून चालत पाच मिनिटांवर. पैशाअभावी जानेवारी २००७ मध्ये तेही बंद झालं. २००९ पासून त्याची दालनं साउथ केन्सिंग्टनच्या मुख्य इमारतीत आहेत. या वेळी मात्र संग्रहाचा लिलाव झाला नाही. मागे विश्वस्त होते.

लायसियमच्या त्या जुन्या खांबांमागे पुढे संगीत-जलशांचं थिएटर आलं, युद्धानंतर नाचघर झालं, १९९६ मध्ये पुन्हा थिएटर. १९९९ पासून तिथे ‘लायन किंग’ चालू आहे.